गोवंशाचा सेवक : डॉ. मणिभाई देसाई

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जीवदयेशी निगडित असे एखादे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. माझे सारे आयुष्य कापडाच्या दुकानात मीटर मोजण्यात आणि रोजमेळ लिहिण्यात गेले. लेखणी हाती धरली ती जमाखर्चापुरतीच. परंतु ट्रस्टच्या जीवदया निधीचे हिशेब गेली काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे एका थोर पुरुषाचे स्मरण मला वारंवार होत आले आहे. त्यांचे नाव डॉ. मणिभाई देसाई. ते जैन नव्हते, धर्मोपदेशक नव्हते, आणि पांजरापोळ चालविणारे दानशूर शेठही नव्हते. ते शेतकऱ्याच्या घरात जन्मले आणि सत्तेचाळीस वर्षे एकाच खेड्यात गाईची सेवा करीत राहिले. त्यांच्या चरित्रातून आपल्या जीवदयेच्या कार्याला काही शिकण्यासारखे आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा अल्प प्रयत्न.

एक जुनी खंत

चरित्राकडे वळण्यापूर्वी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. २०१२-१३ चा दुष्काळ आपण सर्वांनी अनुभवला. मराठवाड्यात चारा नव्हता, पाणी नव्हते. त्या उन्हाळ्यात आपल्या मंडळींनी जनावरांसाठी जी व्यवस्था केली, तीत तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे गिऱ्हाईक, एक बैलजोडी आणि एक गाय घेऊन आले. तिन्ही जनावरे अस्सल लाल कंधारी होती. गर्द तांबडा रंग, काळेभोर डोळे, अंगावर चारा नसतानाही चालण्यात डौल. पाऊस पडल्यावर ते बैल घेऊन गेले. गाय मात्र आमच्याकडेच ठेवा, म्हणून त्यांनी हात जोडले. ती दोन वेळचे मिळून दीड-दोन लिटर दूध देणार, तिला वर्षभर कडबा घालणे आता परवडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आम्ही ती गाय ठेवून घेतली. तिला पोटभर चारा दिला, आजारपणात डॉक्टर आणले, आणि ती नैसर्गिक मृत्यूने गेली तेव्हा आपण एक जीव वाचविला याचे समाधान मानले. पुढे कधीतरी ते आजोबा दुकानात आले आणि त्या गाईला आमच्याकडे एखादे वासरू झाले होते काय, असे त्यांनी विचारले. त्यांच्या आजोबांच्या गोठ्यापासून चालत आलेला तो वंश होता. वासरू झाले नव्हते. आमच्याकडे त्या जातीचा वळू नव्हता, आणि असावा असे आमच्यापैकी कोणाला सुचलेही नव्हते. आम्ही जीव राखला, पण वंश आमच्याच दावणीला संपला. मणिभाईंचे चरित्र मी त्यानंतर पुन्हा नव्याने वाचले.

जन्म आणि जडणघडण

मणिभाई भीमभाई देसाई यांचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी गुजरातमधील सुरत जिल्ह्यात कोसमाडा या गावी झाला. घर शेतकऱ्याचे. गोठ्यातील गाई-बैल हे घरातीलच माणसे समजली जाण्याचा तो काळ. सुरत जिल्ह्याची भूमी त्या वर्षांत राष्ट्रीय चळवळीने भारलेली होती. मणिभाई आठ वर्षांचे असताना १९२८ मध्ये बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सरदार पटेलांच्या नेतृत्वाखाली सारावाढीविरुद्ध सत्याग्रह केला. ते दहा वर्षांचे होण्याच्या बेतात असताना महात्मा गांधींची दांडीयात्रा त्याच जिल्ह्यातून समुद्राकडे गेली. शेतकऱ्याचे दुःख आणि देशाचे दुःख एकच आहे, हा संस्कार त्यांच्या मनावर बालवयातच झाला असल्यास नवल नाही.

त्यांनी पदार्थविज्ञान व गणित हे विषय घेऊन विज्ञानाची पदवी मिळविली. त्या काळी अशा पदवीधराला सरकारी नोकरी किंवा गिरणीतील मानाची जागा सहज मिळत असे. परंतु १९४२ चे छोडो भारत आंदोलन सुरू झाले आणि या तरुणाने त्यात उडी घेतली. त्यांना कारावास घडला. सुटका झाल्यावर ते घरी स्थिर झाले नाहीत. गांधीजींच्या सहवासात राहून काम करावे, या इच्छेने ते वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात दाखल झाले.

सेवाग्रामला त्यांना जे पाहावयास मिळाले त्याची थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. वर्ध्याचे सुप्रसिद्ध व्यापारी शेठ जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात सर्व कामे बाजूला ठेवून गोसेवा हेच व्रत मानले होते. १९४१ मध्ये तेथे गोसेवा संघाची स्थापना झाली आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजींचे निधन झाले. गोरक्षण म्हणजे केवळ कसायापासून गाय सोडविणे नव्हे, गाय शेतकऱ्याला पोसण्याजोगी झाली तरच ती वाचेल, हा विचार त्या परिसरात रुजलेला होता. त्या भागातील गवळाऊ या स्थानिक जातीच्या गाईंची जोपासना हा त्या कामाचाच एक भाग होता. मणिभाई तेथे पोहोचले तेव्हा जमनालालजी हयात नव्हते, परंतु त्यांनी लावलेले हे रोप उभे होते. आश्रमाच्या शिस्तीप्रमाणे सफाईपासून सर्व कामे त्यांनी केली. खेड्याची सेवा म्हणजे नेमके काय, याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले.

उरुळीकांचनचे व्रत

१९४६ साली गांधीजींच्या मनात निसर्गोपचाराचे केंद्र खेड्यात काढण्याचा विचार दृढ झाला. शहरातील उपचारगृहाचा लाभ गरिबांना होत नाही, हे त्यांना जाणवले होते. पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटर अंतरावरील उरुळीकांचन हे गाव त्यासाठी निवडण्यात आले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात गांधीजी तेथे आठवडाभर राहिले, रोग्यांना तपासले, गावकऱ्यांशी बोलले, आणि महिनाअखेरीस त्यांना ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाशी होणाऱ्या वाटाघाटींसाठी दिल्लीस जावे लागले. गावातील महादेव तात्याबा कांचन यांनी आश्रमासाठी जमीन दिली. मागे राहून हे काम चालविण्याची जबाबदारी ज्या कार्यकर्त्यांवर आली, त्यांत पंचविशी उलटलेले मणिभाई होते.

अविवाहित राहून आपण या गावातच आयुष्य वेचू आणि आपली राखही येथेच पडेल, असे वचन त्यांनी गांधीजींना दिले. वचने पुष्कळ दिली जातात. आपल्या परंपरेत पच्चक्खाण घेतल्यावर ते पाळण्याचे महत्त्व काय असते, हे वाचकांस सांगावयास नको. मणिभाईंनी तो नेम अखेरपर्यंत पाळला.

त्या वेळचे उरुळीकांचन म्हणजे कोरडवाहू जमीन, कर्जबाजारी शेतकरी, दारूच्या भट्ट्या आणि चोऱ्यामाऱ्या असा भाग होता. परप्रांतातून आलेल्या, मराठी नीट न येणाऱ्या तरुणावर गावाने लगेच विश्वास ठेवला नाही. मणिभाईंनी उपदेश करण्याऐवजी आश्रमाची खडकाळ जमीन कसावयास घेतली. विहीर, बांध, खत, फळबाग असे एकेक काम स्वतः करून दाखविले. पुढे आश्रमाची द्राक्षबाग नावारूपास आली. गावात महात्मा गांधी विद्यालय उभे राहिले. पाहून शिकणे हा शेतकऱ्याचा स्वभाव असतो, आणि शेजारच्या शेतात पीक दिसू लागल्यावर लोक आपणहून विचारपूस करू लागले.

गीर गाईंचा कळप

त्यांच्या जीवनकार्याचा गाभा मात्र गोठ्यात आहे. गांधीजींच्या ग्रामरचनेत गाय केंद्रस्थानी होती, आणि उरुळीकांचनला आश्रमाच्या गोशाळेचे काम मणिभाईंनी विशेष निष्ठेने हाती घेतले. पशुवैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ग्रंथ वाचून, जाणकारांना विचारून आणि रोज पहाटे गोठ्यात उभे राहून त्यांनी हे शास्त्र आत्मसात केले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत त्यांनी गीर जातीच्या गाईंचा कळप उभा करण्यास आरंभ केला.

आपल्यापैकी अनेकांनी गिरनार आणि पालिताणा येथील यात्रा केल्या आहेत. जुनागढ, अमरेली, भावनगर या भागांत मालधारी लोकांच्या मागे चालणाऱ्या गाई त्यांनी पाहिल्या असतीलच. फुगीर घुमटासारखे कपाळ, पानाच्या सुरळीसारखे लांब लोंबणारे कान, मागे वळलेली शिंगे, तांबड्या अंगावर ठिपके आणि स्वभावाने अत्यंत गरीब. हीच गीर. भारतातील दुधाळ देशी गाईंमध्ये तिची गणना वरच्या क्रमांकात होते. ब्राझील देशाने आपल्याकडून हे गोधन नेले, त्याच्या वंशावळी काळजीपूर्वक जपल्या, आणि आज तेथे गीरचे मोठमोठे कळप आहेत. आपल्याकडे मात्र शुद्ध गीर शोधावी लागावी, अशी वेळ येत गेली.

जातिवंत कळप राखणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ती रोजच्या रोज लिहावयाची खतावणी आहे. कोणती गाय कोणाची मुलगी, तिचा बाप कोणता वळू, ती कधी माजावर आली, कधी गाभण राहिली, कोणत्या वेतात किती दिवस दूध दिले, दोन वेतांत अंतर किती पडले, याची नोंद ठेवावी लागते. एकाच रक्ताची जनावरे पुन्हा पुन्हा एकत्र आली तर संतती दुबळी होते. म्हणून वळू बदलावे लागतात आणि तेही पारखून. वळू स्वतः दूध देत नाही, त्यामुळे त्याची खरी परीक्षा त्याच्या मुली दूध देऊ लागल्यावरच होते. गाय सुमारे सव्वानऊ महिने गाभण असते. देशी कालवड प्रथम विण्यास साडेतीन-चार वर्षे घेते. म्हणजे आज घेतलेला निर्णय योग्य होता की चुकीचा, हे समजण्यास पाच-सहा वर्षे लागतात आणि तीन पिढ्या सुधारण्यात जवळजवळ दीड तप निघून जाते. एवढा धीर कोणत्या धंद्यात आहे? मणिभाईंनी तो धीर धरला. त्यांच्या हाताखाली उरुळीकांचनचा गीर कळप देशातील नामांकित कळपांत गणला जाऊ लागला आणि त्या गाईंनी प्रदर्शनांत व स्पर्धांत पारितोषिके मिळविली.

१९८६ च्या सुमारास माझ्या वडिलांना गुडघेदुखीवर उपचारासाठी त्या आश्रमात ठेवले होते. मणिभाईंचे दर्शन मला तेव्हा घडले नाही. पण सकाळच्या फेरफटक्यात मी गोशाळेजवळ रोज थांबत असे. गाईंना नावे होती आणि गवळी त्यांना नावाने हाक मारीत. धार काढून झाली की दूध मोजून वहीत लिहिले जाई. गोशाळा म्हटले की वृद्ध, भाकड, दुखरी जनावरे, असेच चित्र माझ्या मनात होते. कालवडींनी भरलेली गोशाळा मी आयुष्यात प्रथमच पाहिली.

बायफची स्थापना

एका आश्रमात उत्तम कळप झाला, तरी लाखो खेड्यांतील शेतकऱ्याच्या दारात काय बदलले, हा प्रश्न मणिभाईंना स्वस्थ बसू देईना. प्रत्येक शेतकऱ्याला जातिवंत वळू पाळणे शक्य नव्हते. यातूनच १९६७ साली भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन या विश्वस्त संस्थेची स्थापना झाली. हीच आज बायफ या नावाने खेडोपाडी परिचित आहे.

संस्थेची कार्यपद्धती सोपी पण त्या काळी नवी होती. वळूचे रेत द्रवरूप नत्रात अतिशय थंड अवस्थेत साठविता येते आणि वर्षानुवर्षे टिकते. तेव्हा गाय दवाखान्यात नेण्याऐवजी प्रशिक्षित कार्यकर्ताच नत्राचे भांडे मोटारसायकलला बांधून शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊ लागला. मजुरी बुडवून, माजावरची गाय मैलोन्‌मैल चालवत नेण्याचा त्रास वाचला. ज्याच्याकडे एकच गाय आहे, अशा अल्पभूधारकालाही उत्तम वळूचा लाभ मिळू लागला. त्याबरोबरच चाऱ्यासाठी सुबाभूळ, जनावरांच्या रोगांवरील लस, आदिवासी भागात फळझाडांची वाडी, अशी अनेक कामे संस्थेने अंगावर घेतली. दक्षिण गुजरातेतील वांसदा भागात १९८२ मध्ये सुरू झालेला वाडीचा प्रयोग पुढे अनेक राज्यांत गेला.

संस्थेने ज्या गाई शेतकऱ्यांना मिळवून दिल्या, त्यांतील बहुसंख्य संकरित होत्या. गावोगावच्या, कोणत्याही विशिष्ट जातीच्या नसलेल्या गाईंना होल्स्टीन फ्रिजियन किंवा जर्सी या परदेशी वळूंचे रेत देऊन जन्मलेली कालवड लवकर वयात येई आणि आईच्या कितीतरी पट दूध देई. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेमुळे दुधाला बाजार मिळू लागला होता. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची चूल आणि मुलांचे शिक्षण या दुधावर चालले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

जमा आणि नावे

चरित्र लिहिताना केवळ जमेची बाजू लिहिणे हे हिशेबनिसास शोभत नाही. संकराच्या मार्गाने देशी गोवंशाचे नुकसान झाले, असा आक्षेप मणिभाईंच्या हयातीतही घेतला जाई आणि आज तो अधिक जोराने घेतला जातो. त्यात तथ्य आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत मागील गणनेच्या तुलनेत देशातील संकरित व विदेशी गाई-बैलांची संख्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढून पाच कोटींवर गेली, आणि देशी जनावरांची संख्या सुमारे ६ टक्क्यांनी घटून चौदा कोटींच्या घरात आली. संकरित गोऱ्हा नांगराला फारसा उपयोगी नाही. त्याला जू टेकण्याजोगे वशिंड नसते आणि आपल्याकडील वैशाखाचे ऊन त्याला सोसत नाही. मग त्या गोऱ्ह्याचे पुढे काय होते, हा प्रश्न जीवदया मानणाऱ्या प्रत्येकाच्या काळजाला भिडणारा आहे. शिवाय आपल्यापैकी काहींना कृत्रिम रेतन ही गोष्टच मुळात रुचत नाही. हा मतभेद मी लपवू इच्छित नाही.

पण खात्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संकराचे मूळ धोरण जातिहीन गावठी गाईंपुरते होते. जेथे नावाजलेली देशी जात आहे, तेथे ती शुद्ध राखावी, हेच त्यात अपेक्षित होते. व्यवहारात ही मर्यादा पाळली गेली नाही. दुधाचा पैसा हाती दिसू लागल्यावर कंधारी काय आणि देवणी काय, सर्वांनाच एकच इंजेक्शन दिले जाऊ लागले. यात दोष एकट्या कोणाचा म्हणता येत नाही. परंतु उरुळीकांचनच्या गोठ्यात गीर शुद्धच राहिली, ही बाब फार बोलकी आहे. ज्या माणसाने दारोदारी संकर पोहोचविला, त्यानेच मूळ वंशाची दावण मोडू दिली नाही. आम्हा व्यापाऱ्यांत व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये, असा दंडक असतो. देशी जात हे मुद्दल आहे. मुद्दल संपले तर पुढच्या पिढीने संकर तरी कशाचा करावा?

मणिभाईंच्या पश्चात संस्थेने देशी जातींच्या कामाला अधिक स्थान दिले आणि देशी वळूंच्या रेतमात्राही शेतकऱ्यांना उपलब्ध केल्या. केंद्र शासनानेही २०१४ मध्ये देशी गोवंशासाठी राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू केले. म्हणजे ज्या मुद्दलाकडे समाजाचे दुर्लक्ष झाले होते, त्याची आठवण उशिरा का होईना, झाली आहे.

सन्मान आणि निर्वाण

मणिभाईंना १९६८ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. १९८२ मध्ये लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. गांधीजींना दिलेल्या वचनाला त्या वर्षी छत्तीस वर्षे होत होती, आणि पुरस्काराच्या गौरवातही त्या वचनपूर्तीचाच उल्लेख होता. पुढील वर्षी त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. ज्या सेवाग्राम-वर्धा परिसरात त्यांनी गोसेवेचा पहिला पाठ गिरविला, तेथील पुण्यपुरुषाच्या नावाचा तो सन्मान होता. सन्मान आले तरी राहणी आश्रमाचीच राहिली. खादीचा साधा पोशाख, साधे भोजन, आणि नावावर संसार नाही, संपत्ती नाही. आपण ज्याला अपरिग्रह म्हणतो, त्याचा हा एक गृहत्यागी नमुना होता.

१४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे वय त्र्याहत्तर होते. पुण्यातील वारजे येथे बायफचे मुख्यालय ज्या परिसरात आहे, त्यास डॉ. मणिभाई देसाई नगर असे नाव दिलेले आहे. आपल्याकडून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड मागे पडले की उरुळी स्थानक येते. गाडी तेथून जाऊ लागली की माझे हात आजही आपोआप जोडले जातात.

आपल्यासाठी बोध

आपले गाव पूर्णेच्या काठी वसलेले आहे आणि ही नदी आपल्याच तालुक्यात गोदावरीला मिळते. या गोदाकाठाने दोन उत्तम गोवंश जोपासले. कंधार, लोहा, गंगाखेड या पट्ट्यातील लाल कंधारी ही कामाची, काटक, कमी चाऱ्यावर तग धरणारी जात. लातूर-नांदेडकडील देवणी ही दूध आणि काम दोन्ही देणारी जात. तिच्यातही वानेरा, बालंक्या, शेवेरा असे अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखले जाणारे प्रकार जाणकार शेतकरी आजही सांगतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी वळूंचे प्रदर्शन पाहावयास आजही गर्दी होते. परंतु ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचे काम घटले, बैल घटल्यामुळे कंधारी गाय कोणासाठी ठेवावी असा प्रश्न शेतकऱ्यापुढे आला, आणि एकेक दावण रिकामी होत आहे. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, याचा आपणा सर्वांना आनंद झाला. पण कायदा जनावराला सुऱ्यापासून वाचवू शकतो, त्याच्यापुढे वैरण टाकू शकत नाही, आणि त्याचा वंशही चालवू शकत नाही. ते काम समाजाचे आहे.

पूर्वी प्रत्येक गावात देवाच्या नावाने सोडलेला एक वळू असे. तो कोणाच्याही शेतात चरला तरी त्याला कोणी मारीत नसे. गावाचा वंश त्याच्यावर चालत असे. ती प्रथा मागे पडली. आपल्या गोसेवेच्या देणग्या आजवर वृद्ध आणि भाकड जनावरांच्या चाऱ्यासाठी खर्च झाल्या. तो खर्च यापुढेही झालाच पाहिजे, कारण अनाथ जीवाला अभय देणे हा आपला धर्म आहे. त्याच्या जोडीला या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक लहानसे पाऊल उचलता येईल, असे मी विश्वस्त मंडळाला नम्रपणे सुचवितो. तालुक्यातील ज्या शेतकऱ्यांकडे अजून शुद्ध लाल कंधारी गाय आहे, त्यांची यादी करावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांचा सल्ला घेऊन एक पारखलेला वळू एखाद्या निष्ठावान शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवावा आणि त्याच्या वैरणीचा भार आपण उचलावा. वही मी लिहीन. कोणत्या गाईला कोणते वासरू झाले, याचा रोजमेळ ठेवणे मला या वयातही जमेल.

आमच्या दुकानात आलेले ते आजोबा आता या जगात नाहीत. त्यांच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नव्हतो. आपल्यापैकी कोणाच्या तरी हातून पुढील काही वर्षांत पूर्णेच्या परिसरात एक तांबडी कालवड जन्मास आली, तर ते उत्तर दिल्यासारखे होईल, आणि मणिभाईंच्या स्मृतीला तेच खरे अभिवादन ठरेल.

लेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्‌.

जय जिनेंद्र.